माझा उंदीरमामा

नावड्यात गणपती आले की माझ्यावर एक विनोद ठरलेला असतो. मी अंगणातून गाडी काढली की आळीतली पोरे ओरडतात, "उंदीरमामावर बसून गणपती निघाले!" मीही हसून हात हलवतो. पोरांचे काही खोटे नाही. माझी उंची पाच फूट दहा इंच, वजन १०४ किलो. गाडीचे वजन पेट्रोल-ऑईल धरून ९९ किलो. बसणारा वाहनापेक्षा पाच किलोंनी भारी! अशी जोडी एक गणपतीची आणि दुसरी आमची.

पण मंडळी, हा उंदीर मी हौसेने घेतलेला नाही. एका म्हाताऱ्याचे भात गेले, तेव्हा कुठे मला शहाणपण आले. आपल्या घरात गाडी घ्यायचा विचार चालू असेल, तर माझी ही हकीकत उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

मी कृषी खात्यातला माणूस. दापोलीला बी.एस्सी. झालो आणि पुढे रायगड जिल्ह्यातच नोकरी केली. राहायला नावडे. एके काळी नावडे फाट्यापर्यंत दोन्ही बाजूंना भाताची खाचरे होती. पुढे तळोज्याचे कारखाने आले, सिडकोच्या इमारती आल्या, २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. आता माझे शेतकरी आत, चिंध्रण-वावंजे-मोरब्याच्या अंगाला, मलंगगडाच्या डोंगराकडे राहिले आहेत. रोज सकाळी पनवेल गाठायचे, कागदपत्रे उरकायची आणि मग आतल्या गावांना जायचे, असा माझा दिवस असतो.

नोकरीला लागलो तेव्हा सायकल होती. मग जुनी लुना घेतली. पुण्याच्या फिरोदियांनी १९७२ साली बाजारात आणलेल्या या गाडीने खेड्यापाड्यातल्या किती मास्तरांना, ग्रामसेवकांना आणि दूधवाल्यांना पाय दिले! तेव्हा मी सडपातळ होतो. नंतर पोरे झाली, पगार वाढला, आणि पोटही वाढले. २०१४ साली बढती मिळाली तेव्हा मनात आले, आता अंगाला शोभेल अशी गाडी हवी. घेतली साडेतीनशे सीसीची, जवळजवळ दोनशे किलोंची. तिचा धडधडाट फाट्यावर ऐकू आला की लोक म्हणत, साहेब आले. छाती फुगायची. थोरल्या भावाने एवढेच विचारले, "पडली तर उचलशील का रे?" मी म्हटले, "पडेल कशाला?"

ती पडली २०२२ च्या जुलैत. भाताची लावणी चालू होती. डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीकडे निघालो होतो. शेवटचा दीड किलोमीटर बैलगाडीची वाट आणि वरून पाऊस. एका बांधाशी गाडी उभी केली, तिचा स्टँड चिखलात रुतला, आणि मी सावरायला गेलो तो गाडी माझ्यासकट आडवी झाली. उजवा पाय खाली अडकला. तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजली. मी एवढा आडदांड माणूस, पण पडल्या पडल्या ते धूड हलवता येईना. पाऊण तास तसाच पावसात पडून होतो. शेवटी लावणीला चाललेल्या दोन बायका आल्या. त्यांनी कमरेचा पदर खोचला, गाडी उचलून धरली आणि मला ओढून काढले. त्यातली वयस्कर बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमी गारीवर बसलाव का गारी तुमच्यावर?"

त्या हसल्या, मीही हसलो. पण मनात भीती बसली, ती गेली नाही. त्यानंतर त्या वाडीचा फेरा आला की माझे पाय जड व्हायचे. आज पाऊस आहे, उद्या मीटिंग आहे, असे करत राहिलो. दौऱ्याच्या वहीत दोनदा लिहिले, 'रस्ता खराब, भेट होऊ शकली नाही.' रस्ता खराब होता हे खरे. पण त्याच रस्त्याने पोरे सायकलीवर शाळेत जात होती, हेही तितकेच खरे. हे लिहिताना आज लाज वाटते.

ऑक्टोबर उजाडला. हळवे भात कापणीला आले होते. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने निरोप धाडला, लोंब्या तुटून पडताहेत, या. मी ओळखायला हवे होते. लष्करी अळी! दिवसा ती चुडांच्या बुडाशी आणि बांधाच्या गवतात लपते आणि रात्री लोंब्या कुरतडते. वेळीच गेले तर इलाज असतो. बांध साफ करावे, पाणी असेल तर खाचरात सोडावे म्हणजे अळ्या वर येतात आणि पाखरे त्या टिपतात, गरज पडली तर संध्याकाळी फवारणी करावी. पण सारे वेळेवर व्हायला हवे. मी तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. खाचरात लोंब्यांचा सडा पडला होता. म्हातारा बांधावर बसला होता. त्याने मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, "तुमची वाट बघली, सायेब."

त्या रात्री जेवण गेले नाही. बायकोला सारे सांगितले. ती शेतकऱ्याची मुलगी. म्हणाली, "अहो, तुम्ही लोकांना काय सांगता ते आठवा. लहान खाचरात ट्रॅक्टर नको, पॉवर टिलर घ्या, असेच ना? मग स्वतः कशाला ट्रॅक्टरवर बसून फिरता?"

बोल वर्मी लागला. पंचवीस वर्षे मी हेच तर सांगत आलो होतो. माणदेशची खिल्लार जोडी दिसायला देखणी, पण ती आणून कोकणच्या चिखलात जुंपणार का? इथे मुसळधार पावसात टिकणारी डांगी गुरे हवीत, नाहीतर आपली अंगाने लहान कोकण कपिला. जनावर रान बघून घ्यावे, मिशा बघून नव्हे. गाडीचेही तेच. मी आपले अंग बघून गाडी घेतली होती, वाट बघितलीच नव्हती.

२०२३ साली मोठी गाडी विकली आणि लहान शोधायला निघालो. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघून थेट मोठ्या गाड्यांकडेच वळला. "काका, तुम्हाला ही शोभेल." मी म्हटले, "बाबा, शोभेचे दिवस गेले. मला चिखलातून एकट्याने ओढता येईल ती दाखव." मग चार गाड्या पाहिल्या. काय काय पाहिले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, ओझे. प्रत्येक गाडी किती भार वाहू शकते, हे तिच्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. तो आकडा विचारून घ्यावा. आपल्या खेड्यांत सर्रास दिसणाऱ्या टीव्हीएस एक्सएल १०० चा आकडा १३० किलो आहे. म्हणजे ८० किलोचा माणूस आणि युरियाची ४५ किलोची गोणी झाली की हिशेब संपला. मी १०४ किलो, माझी पिशवी सहा. एकट्याचे भागते. पण बायको ५८ किलोची. दोघे मिळून १६२, म्हणजे अशा गाडीचा हिशेब चुकलाच. म्हणून आम्ही दोघे एका लहान गाडीवर बसत नाही. पनवेलला बाजाराला ती रिक्षाने जाते. तेवढा खर्च सोसावा, पण चाकावर जुलूम करू नये.

दुसरी गोष्ट, पाय. गाडीवर बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का, ते पाहिले. चिखलात चवड्यावर उभा राहणारा माणूस घसरतोच. मात्र उंच माणसाने गुडघेही पाहावेत. दुकानात मी गाडीवर दहा मिनिटे नुसता बसून राहिलो. पोरगा चुळबुळ करत होता, करू दिली. गुडघे हँडलला लागत नाहीत ना, जरा मागे सरकता येते ना, कमरेला बाक येत नाही ना? दोन मिनिटांच्या फेरीत हे कळत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गाडी मधल्या स्टँडवर चढवून पाहिली, उतरवून पाहिली, बंद गाडी मागे ढकलून पाहिली. हिरोची स्प्लेंडर सुमारे ११२ किलोंची, बजाजची प्लॅटिना त्याहून थोडी जड, पण जमिनीपासून चांगली उंच. दगडधोंड्यांच्या वाटेला ती बरी. दोन्ही चांगल्या. मी शेवटी होंडाची शाइन १०० घेतली, ती तेव्हा नुकतीच आली होती. वजन ९९ किलो, बैठक ७८६ मिलिमीटर उंच. मी कोणाची जाहिरात करत नाही. माझ्या पायांना आणि माझ्या वाटेला ती जमली, तुम्हाला दुसरी जमेल.

चौथी गोष्ट, चाके आणि स्प्रिंगा. जाड माणसाचा बहुतेक भार मागच्या चाकावर पडतो. हवेचे आकडे पुस्तिकेत दोन प्रकारे दिलेले असतात, एकट्यासाठी आणि दोघांसाठी. मी एकटा असलो तरी मेकॅनिकला विचारून मागच्या चाकात दोघांच्या आकड्याजवळ हवा ठेवतो. टायरवर आकाराच्या शेवटी भाराचा अंकही असतो. ५४ असेल तर तो टायर २१२ किलो पेलतो, ४७ असेल तर १७५. टायर बदलताना स्वस्त म्हणून कमी अंकाचा घेऊ नये. काही गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगांना खाचा असतात. त्या एक-दोन घरे आवळून घेतल्या की खड्ड्यात गाडी आदळत नाही.

आता उणीवही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साहेब एकच बाजू सांगतात. शंभर सीसीचे इंजिन म्हणजे सात-आठ घोड्यांची ताकद. पुलाच्या चढावर समोरून वारा आला की मला खालचा गिअर टाकावा लागतो. मुंब्रा-पनवेल रस्त्यावर कंटेनर शेजारून गेला की हलकी गाडी थरथरते. तिथे मी डावी कड सोडत नाही, कोणाला मागे टाकायला जात नाही, आणि हेल्मेट कधी काढत नाही. भार जास्त असला की गाडी थांबायलाही जास्त जागा लागते, म्हणून पुढच्यापासून अंतर राखतो. ब्रेकचे लायनर आणि साखळी इतरांपेक्षा लवकर झिजते. दर महिन्याला तपासून घेतो. आणि हो, वजन उतरवण्याचा प्रयत्नही चालू आहे. त्याबद्दल आज फारसे लिहिण्यासारखे नाही.

लहान गाडी घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्या वाडीची वाट धरली. त्याच बांधाशी गाडी पुन्हा कलली. मी पाय टेकला, हँडल धरून तिला सरळ केली आणि पुढे गेलो. अर्ध्या मिनिटाचे काम. त्या मोसमात वाडीला सहा वेळा गेलो. म्हाताऱ्याने पहिले दोन फेरे माझ्याशी बोलणे टाळले. मीही सल्ला दिला नाही, नुसता त्याच्याबरोबर बांधावरून हिंडलो. तिसऱ्या फेऱ्याला त्यानेच चुडाच्या बुडाशी बोट घातले आणि विचारले, "ही कंची अली, सायेब?" अळी साधीच होती. पण मला बरे वाटले.

त्याचे २०२२ चे भात मी परत आणू शकत नाही. ते माझ्या खाती राहील. पण गेल्या थंडीत त्याने मला पोपटीला बोलावले. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेले मडके जाळावर होते. शेंगा सोलता सोलता म्हातारा गाडीकडे बघून नातवाला म्हणाला, "लान हाय, पन येते."

तेव्हा मंडळी, गाडी घ्यायला जाल तेव्हा आधी ती एकदा आडवी करून बघा, नि उचलून बघा. दुकानदार हसेल. हसू द्या. आपल्याला जिथे जायचे आहे तिथे तो येणार नसतो.