मोकळ्या कोंबडीचा दाणा

'मोकळे' हे विशेषण मराठीत मोठे लोभस आहे. मोकळे रान, मोकळा श्वास म्हणताना जी प्रसन्नता जाणवते, ती 'मोकळी कोंबडी' म्हणतानाही त्या पक्ष्याला चिकटते. मग तिचे अंडे विकत घेताना एक सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो : ती आपले पोट आपणच भरते, तेव्हा पाळणाऱ्याला खर्च तो काय?

पनवेलच्या बाजारात गावठी अंडी घेऊन बसणाऱ्या बायांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. एकीचे उत्तर आमच्या लक्षात राहिले आहे : ''फिरतात हो रानात, पण संध्याकाळी दाणा मलाच घालावा लागतो.''

या उत्तरात बरेच शास्त्र आहे. कोवळी पाने, किडे, वाळवी यांतून कोंबडीला जीवनसत्त्वे आणि काही प्रथिने मिळतात. बलकाचा गडद पिवळा रंगही हिरव्या चाऱ्यातून येतो. परंतु ती काही गाय नव्हे. गवतातील तंतू तिला फारसे पचत नाहीत. पावसाळ्यात किडामुंगी विपुल असते, भातकापणीनंतर खाचरांत दाणे सांडलेले असतात. चैत्र-वैशाखात मात्र कर्नाळ्याच्या पायथ्याची जमीन दगडासारखी होते आणि सारी भिस्त कण्या, कोंडा व उरलेल्या भातावर येते. पुढे रोपांसाठी भात पेरले की याच मोकळ्या कोंबड्या डालग्याखाली जातात.

सर्वांत नाजूक हिशेब कवचाचा. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि ते घडण्याचे बरेचसे काम रात्री, कोंबडी खुराड्यात असताना चालते. त्या वेळी पोटात पुरेसा चुना नसेल, तर भार तिच्या हाडांवर पडतो. म्हणून कुटलेले शिंपले संध्याकाळी घालणे श्रेयस्कर. त्यांचे जाडसर तुकडे पेषणीत राहून रात्रभर हळूहळू विरघळतात.

व्यापारी जातीची कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते आणि रोज सुमारे ११० ग्रॅम समतोल खाद्य खाते. गावठी कोंबडी फार कमी अंडी देते, मधूनच खुडूक बसते. तिची ही संथ गती रानातल्या आहाराशी जुळलेली आहे. परसबागेसाठी विकसित झालेल्या वनराजा, गिरिराजा या जाती तिच्याहून अधिक अंडी देतात, पण मग पुरवणी खाद्यही अधिक मागतात. अंडे वाढले की दाणा वाढतोच.

आणि रान तरी कुठे उरले आहे? १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. खाचरे जसजशी आटली, तसतसा कोंबडीच्या पोटातला रानाचा वाटा घटला आणि बाईच्या मुठीतल्या दाण्याचा वाढला. पुष्कळ घरांत अंड्यांचे पैसे हीच तिची स्वतःची अशी गाठ असते. आपल्या घासाघिशीचा रुपया त्या गाठीतून सुटतो.

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. अंगणातली कोंबडी आम्हांला वर्णनात सहज भेटते, तिच्यापुढे दाणा टाकणारा हात क्वचितच. गावठी अंडे महाग वाटलेच, तर त्याच बाजारात कण्यांचा भाव विचारून पाहावा.