अब्बांचा शजरा आणि गायब झालेलं विंडोज

२०२५ मध्ये बकरी ईद ७ जूनला होती. ५ तारखेला जोहरची नमाज आटोपून मी कॉम्प्युटर लावला. ईदला चिपळूणहून चाचा अंधेरीला आमच्याकडे येणार होते आणि अब्बांनी तयार केलेला खानदानाचा शजरा त्यांनी छापून मागितला होता. आमच्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम आहेत. सुरू केला की काळ्या पडद्यावर यादी येते, वर उबुंटू, खाली विंडोज. बाणाचं बटण दाबत खाली यायचं आणि एंटर मारायचं, एवढं मला येतं. त्या दिवशी यादीच आली नाही. सरळ उबुंटू उघडलं. बंद केला, पुन्हा लावला. तीनदा केलं. विंडोज नव्हतंच.

शजऱ्याबद्दल सांगायला हवं. दादांच्या काळापासूनच्या वह्या चिपळूणच्या घरी कपाटात होत्या. कोणाचं लग्न कुठल्या गावात झालं, कोण बोटीवर नोकरीला गेलं, सगळं उर्दूत. अब्बा रिटायर झाल्यावर इनपेज शिकले आणि रोज असरनंतर दोन-दोन पानं उतरवत बसले. तेव्हा आम्ही हसायचो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, आणि पाणी ओसरल्यावर कपाटातून वह्यांचा नुसता लगदा निघाला. अब्बांनी उतरवलेलं तेवढं उरलं. आता अब्बाही नाहीत. त्या फाइलींची कॉपी किती होत्या म्हणाल, तर एकही नाही. जे होतं ते त्याच कॉम्प्युटरवर, विंडोजच्या बाजूला. तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे.

स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याला फोन केला. "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही," तो म्हणाला. न बघताच म्हणाला, हे नंतर लक्षात आलं. उद्या या, असं मीही सांगून टाकलं.

मग पुण्याला मुलीला फोन लावला. उबुंटू तिनेच घातलेलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिचं इंजिनिअरिंग घरातूनच सुरू झालं. आमच्याजवळच्याच पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. ते ऐकत ती शिकली, आणि मी भाकऱ्या थापताना तेच ऐकत होते. आणि आदल्याच रविवारी घरी आली असताना तिने उबुंटू अपग्रेड केलं होतं. मी विचारलं काहीच नाही. म्हणाले, "तुझ्या त्या लिनक्सने अब्बांना दुसऱ्यांदा दफन केलं."

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "अम्मी, त्या दुकानवाल्याला नको म्हणून सांग. कॉम्प्युटर बंद कर. आता लाव आणि लगेच एफ१२ दाबत राहा." (हे बटण प्रत्येक कंपनीच्या मशिनवर वेगळं असतं.) निळ्या चौकटीत दोन नावं आली. दुसरं होतं 'विंडोज बूट मॅनेजर'. एंटर मारलं. विंडोज उघडलं, अब्बांचं फोल्डर उघडलं, शजरा उघडला. सगळं जिथल्या तिथे. मी "अलहमदुलिल्लाह" म्हटलं आणि फोन ठेवला. माफी मागायचं तेव्हा तोंड झालं नाही.

शुक्रवारी ती आली. अरफाचा रोजा होता, दोघींचाही. असरनंतर तिने कॉम्प्युटर लावला आणि मला शेजारी बसवलं. ती यादी दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब. बिल्डिंगच्या गेटवरचा वॉचमन म्हणा. आमच्या उबुंटूची जुनी आवृत्ती २०.०४, तिची नेहमीची देखभाल ३१ मेला संपली, म्हणून तिने २२.०४ घेतली. तिच्यासोबत नवा ग्रब आला. जुना वॉचमन डिस्कच्या प्रत्येक भागात डोकावून, कुठे कोणती सिस्टिम आहे ते पाहायचा आणि यादीत लिहायचा. पण हे डोकावणं पूर्ण अधिकारानिशी होतं. कुणी एखाद्या भागात मुद्दाम खोडसाळ काही पेरून ठेवलं तर धोका. म्हणून २०२१ मध्ये आलेल्या २.०६ आवृत्तीपासून डोकावणं मुळातच बंद ठेवलंय. मालकाने सांगितलं तरच तो बघतो. विंडोज घरातच होतं, फक्त पाटीवरून नाव गेलं होतं. आणि यादीत एकच नाव उरलं की यादी दाखवायची तसदी तो घेत नाही.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तजस्सुस आणि बदगुमानी, दोन्हींची मनाई एकत्र आली आहे. वॉचमनने पहिलं सोडलं होतं. मी दुसरं केलं होतं. हे मी तिला बोलले, आणि माफ कर म्हणाले. ती म्हणाली, "चूक माझीही आहे. तसा इशारा पडद्यावर आला होता. मी न वाचता पुढे गेले."

काम पाच मिनिटांचं निघालं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ, की ही शोधाशोध 'बंद' नको. मग 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा. पासवर्ड मी टाकला. ओळी सरकल्या आणि विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ आली. पुन्हा लावला तर यादी हजर.

असाच घोळ पूर्वी घड्याळाचा झाला होता. उबुंटू मशिनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं, त्यामुळे इंटरनेट नसलं की साडेपाच तासांचा फरक. दुपारी साडेचारला अकरा वाजलेले पाहून अब्बा म्हणायचे, हा कॉम्प्युटर माझी असर कजा करणार. तेही तिनेच एका आज्ञेत सरळ केलं होतं.

इफ्तारनंतर तिने सगळ्या फाइली दोन पेन ड्राइव्हवर घेतल्या. एक आमच्या कपाटात, दुसरा चिपळूणला, पण वरच्या मजल्यावर.

ईदच्या दिवशी कुर्बानीचं आटोपल्यावर चाचांनी छापील पानं चष्मा लावून वाचली आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "ही चूक आहे. ही बाई दापोलीची नव्हे, खेडची." मग ते नातीला घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले. काळ्या पडद्यावर यादी आली, तेव्हा ती म्हणाली, "चाचादादा, विंडोजची ओळ. तुम्हीच दाबा."