एका चिन्हाचे अंतर

शाळेची जुनी छायाचित्रे एकत्र करण्याचे काम आम्हा काही माजी विद्यार्थ्यांकडे आले. घरोघरी जाऊन आम्ही ती आणली, स्कॅन केली आणि मूळ प्रती ज्यांच्या त्यांना परत केल्या. संगणकावर दहावीच्या प्रत्येक तुकडीचे एक फोल्डर तयार झाले.

हे फोल्डर झिप करून ठेवायचे होते. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणलेली ही पद्धत म्हणजे एक प्रकारचे गाठोडेच. मजकुराच्या फायली तीत पुष्कळ लहान होतात. छायाचित्रे मात्र फारशी आटत नाहीत, कारण जेपीईजी फाइल मुळातच आटवलेली असते. तरीही शेकडो फायलींपेक्षा एक फाइल सांभाळणे सोपे. माऊसने एकेक फोल्डर निवडण्याचा कंटाळा आला, म्हणून आम्ही नोटपॅडमध्ये छोटीशी बॅच फाइल लिहिली : प्रत्येक फोल्डर घे, सेव्हन-झिपने त्याचे गाठोडे पेन ड्राइव्हवर बांध, मग मूळ फोल्डर पुसून टाक. काळ्या खिडकीत ओळी धावू लागल्या आणि आम्ही निर्धास्तपणे चहाला गेलो.

परतलो तेव्हा पेन ड्राइव्ह भरून गेला होता. शेवटची तीन गाठोडी बांधलीच गेली नव्हती. पुसण्याचे काम मात्र चोख झाले होते. दोन आज्ञांच्या मध्ये आम्ही ‘&’ हे चिन्ह एकदाच लिहिले होते. त्याचा अर्थ, ‘हे कर, मग ते कर.’ तेच चिन्ह ‘&&’ असे दोनदा लिहिले असते, तर अर्थ झाला असता, ‘हे साधले, तरच ते कर.’ अशा आज्ञेने पुसलेले रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

आम्ही पुन्हा त्याच दारांत उभे राहिलो. कोणी रागावले नाही. ट्रंका पुन्हा उघडल्या गेल्या. एक छायाचित्र मात्र मिळाले नाही : भोजनगृहात आम्हाला भाकरी वाढणाऱ्या मावशींचे. मधल्या पावसाळ्यात ते घर गळले होते.

आता आमची फाइल गाठोडे बांधते, ते उघडते की नाही हे तपासते आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवते. पुसण्याची ओळ आम्ही काढून टाकली आहे. यंत्र सांगितले तेवढेच करते. खात्री करून घेण्याची जबाबदारी सांगणाऱ्याची असते, हे आम्ही उशिरा शिकलो.

मावशींचे एखादे छायाचित्र आपल्या घरी असेल, तर कृपया शाळेत आणून द्यावे. या वेळी आम्ही ते नीट जपू.