उपवासात यकृताला निरोप कोण देतं?



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्याकडे विचारपूस सुरू होते, यंदा कुणाचे दहा, कुणाचे पाच, कुणाची एकासनं. मी कॉमर्सची. पण नातीच्या पुस्तकात हार्मोन्सचा धडा वाचला आणि तो मला जमाखर्चासारखाच वाटला.

आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर असते जेमतेम चमचाभर, पाचेक ग्रॅम. मेंदू एकटाच दिवसाला साधारण १२० ग्रॅम संपवतो. हातात रोकड एवढीशी आणि खर्च चोवीस तास! तरी उपवास निभावतो, कारण पोटामागच्या स्वादुपिंडात पेशींची बारीक बेटं आहेत. १८६९ साली पॉल लँगरहान्स यांनी ती पाहिली. जेवल्यावर तिथून इन्सुलिन निघतं, 'आली ती साठवा.' पोट रिकामं झालं की ग्लुकॅगॉन, 'साठ्यातली सोडा.' रक्त हा निरोप यकृताला पोचवतं. तिथला साठा साधारण दिवसभर पुरतो, मग चरबीची मुदत ठेव मोडली जाते. लांबलेल्या उपवासात तोंडाला येणारा वेगळा वास त्याचाच.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेनं पाच निर्जळी उपवास धरायचे ठरवले. तिला बारा वर्षं डायबेटिस, गोळी ग्लिमेपिराइडची. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण आलेलं असो वा नसो. शरीर म्हणतं सोडा, गोळी म्हणते साठवा. साखर ७० च्या खाली गेली की अ‍ॅड्रेनलिन हाक मारतं: घाम, थरथर, धडधड. आपण त्याला अशक्तपणा म्हणतो आणि आडवं होतो. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या तर थरथर-धडधडही दाबून टाकतात, उरतो फक्त घाम.

"ताई, मग गोळीच घेत नाही," ती म्हणाली. तेही चालत नाही. इन्सुलिन कमी पडलं की यकृत साखर सोडतच राहतं.

पर्वाच्या तीन आठवडे आधी तिला डॉक्टरांकडे नेलं. निर्जळीला त्यांनी साफ नकार दिला. गोळी कमी करून एकासनं करा, घरी रोज तपासा, म्हणाले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिची ओढ मला कळते. पण सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे, त्यातला पहिला शब्द आपण घाईत गाळतो असं मला वाटतं.

तिसऱ्या एकासनाला दुपारी चार वाजता मीटरवर ६६ आले. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. ग्लास हातात घेऊन ती क्षणभर थांबली, डोळे भरले होते. मग प्याली. पंधरा मिनिटांनी ९४.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी गोळी आणखी कमी केली. पुढची सात एकासनं तिनं पूर्ण केली.