जपानच्या डोंगरवाटांवर

नोकरीच्या निमित्ताने २०१६ ते २०२० अशी चार वर्षे आम्ही जपानमधील ओसाका शहरात होतो. आम्ही दोघे, मुलगी आणि मुलगा. परदेशात राहणारी माणसे सुटीच्या दिवशी करतात तरी काय, असे गावाकडची मंडळी अजूनही विचारतात. आम्ही डोंगर चढत होतो. तिकडे सिनेमा महाग, हॉटेल त्याहून महाग. डोंगराला मात्र तिकीट नाही. रेल्वेचे भाडे भरले आणि डबा बांधून घेतला की दिवस आपला.

आमच्याबरोबर नागपूरचे दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुले असत. नांदेडचा एक तरुण संशोधक असे, त्याला मुले काका म्हणत. शेजारी एक निवृत्त जपानी शिक्षक राहत, त्यांना सगळेच 'सेन्सेई' म्हणत. सेन्सेई म्हणजे गुरुजी. वयाची सत्तरी ओलांडूनही आमच्या मुलांच्या आधी ते माथ्यावर पोहोचत. डब्यात वहिनींच्या पोळ्या, झुणका आणि लसणाचा ठेचा. गुरुजींच्या डब्यात ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोणी गोळे, वर समुद्रशेवाळाची पातळ पट्टी. दुसऱ्याच सहलीपासून गुरुजी ठेच्यासाठी हात पुढे करू लागले.

सुरुवात मिनोओपासून झाली. ओसाकापासून अगदी जवळ, उताराच्या स्टेशनावरून नदीकाठाने पावणेतीन किलोमीटर चालले की ३३ मीटर उंचीचा धबधबा. वाट फरसबंदीची, लहान मुलांनाही जमण्यासारखी. शरद ऋतूत मेपलची पाने लाल होतात आणि तिथले दुकानदार ती पाने चक्क तळून विकतात. वर्षभर मिठात मुरवलेली पाने गोड पिठात बुडवून तळायची. खायला कुरकुरीत, चव मात्र सगळी पिठाची. आमच्या मुलाचे मत असे की यापेक्षा आपली पालकाची भजी बरी.

या वाटांवरच्या काही गोष्टी आमच्या मनात भरल्या. समोरून येणारा प्रत्येक अनोळखी माणूस 'कोन्निचिवा' म्हणून अभिवादन करतो. शहरातल्या रेल्वेत शेजाऱ्याकडे न पाहणारी हीच माणसे डोंगरावर मोकळी होतात. वाटेवर कचरापेटी नसते, तरी कागदाचा कपटा दिसत नाही. ज्याचा कचरा त्याने घरी न्यायचा. आपल्या लेणी परिसरात सुटीच्या दिवसानंतर काय दिसते ते वाचकांना ठाऊकच आहे.

नारा येथील तोदाइजी विहारात आम्ही पाहुणे आले की जात असू. तिथली बुद्धमूर्ती सुमारे १५ मीटर उंचीची, ब्राँझची. सन ७५२ मध्ये तिचे नेत्र उघडण्याचा सोहळा झाला तेव्हा हातात कुंचला होता तो बोधिसेन या भारतीय भिक्खूच्या. ते सन ७३६ मध्ये समुद्रमार्गे जपानला पोहोचले होते. कुंचल्याला लांब दोर बांधला होता आणि तो जमलेल्या लोकांनी हातात धरला होता, म्हणजे नेत्र उघडण्यात सर्वांचा हात लागावा. आमच्या मुलांना ही गोष्ट फार आवडे. बाहेरच्या बागेत हजारावर हरणे मोकळी फिरतात. त्यातल्या एकाने दादांच्या खिशातला नकाशा खाल्ला.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही यामातो कात्सुरागी या ९५९ मीटर उंचीच्या डोंगरावर गेलो. मेच्या मध्यास त्याचा माथा अझेलियाच्या फुलांनी लालभडक होतो. गर्दी आपल्या जत्रेसारखी. पण आमच्या मनात फुलांपेक्षा पायथ्याचे गोसे हे गाव अधिक होते. गोसेच्या काशिवारा या वस्तीत एक संग्रहालय आहे. 'सुईहेईशा'चे संग्रहालय. सुईहेईशा म्हणजे सर्वांना एका पातळीवर आणणारी, समतेची संघटना.

जपानमध्ये जातिव्यवस्था नाही असे आम्हीही येथे येईपर्यंत ऐकत होतो. परंतु कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे, कसाईकाम अशी कामे करणाऱ्यांना तिथेही शेकडो वर्षे वेगळ्या वस्त्यांत ठेवले होते. त्यांना आज 'बुराकु' समाज म्हणतात. १८७१ साली सरकारने हुकूम काढून त्यांचा हीन दर्जा कागदावर रद्द केला. कागदावर रद्द झाले म्हणून मनातून रद्द होत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. शेवटी याच काशिवारातील तरुण पुढे झाले आणि ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे सुईहेईशाची स्थापना झाली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे एका बौद्ध मंदिराच्या पुरोहिताचे पुत्र. संघटनेच्या काळ्या झेंड्यावर रक्तासारखा लाल काटेरी मुकुट आहे. आपला महाडचा सत्याग्रह १९२७ चा. दोन्ही लढे जगाच्या दोन टोकांना, एकाच दशकातले.

संग्रहालयात आमची मुलगी त्या झेंड्यासमोर बराच वेळ उभी होती. ती तेव्हा दहा वर्षांची. तिने विचारले, "यांना ओळखतात कसे? दिसायला तर सगळे सारखेच आहेत." गुरुजी गप्प होते. मग हळू आवाजात त्यांनी सांगितले की पत्त्यावरून आणि घराण्याच्या नोंदीवरून ओळखतात, लग्न ठरवताना चौकशी होते. १९७५ साली अशा वस्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या गेल्याचे उघडकीस आले होते. भेदभाव नष्ट करण्यासाठी खास कायदा झाला तो डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे आमच्या भेटीच्या पाचच महिने आधी. गुरुजींचे बालपण इथून दोन तासांच्या अंतरावर गेले, पण या संग्रहालयात ते पहिल्यांदाच येत होते. परतीच्या गाडीत मुलीने त्यांना आडनावाची गोष्ट सांगितली. एका भारतीय मेळाव्यात एक काकू तिला पूर्ण नाव, मग गाव, मग आजोबांचे आडनाव विचारत राहिल्या होत्या. "पत्ता आणि आडनाव," गुरुजी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पुढच्या वर्षी, २०१८ च्या उन्हाळ्यात, कंपनीतील काही जपानी मित्रांनी ओमिने पर्वताचा बेत काढला. नारा प्रांतातील हे सांजोगाताके शिखर १,७१९ मीटर उंच आहे. तपस्वी लोकांचे फार जुने स्थान, कड्यांवरून साखळ्या धरून जायचे, अतिशय रोमांचक असे वर्णन ऐकले. नंतर कळले की तिथे स्त्रियांना आजही प्रवेश नाही. वाटेच्या तोंडाशी कमान आहे आणि तिच्यावर इंग्रजीतही तशी पाटी आहे. मित्रांनी सुचवले की पुरुषांनी वर जावे, बायका-मुलींनी पायथ्याच्या दोरोगावा गावात गरम पाण्याच्या कुंडात आराम करावा. सुचवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. परंतु काळारामाच्या दारात आपले लोक १९३० साली उभे राहिले ते कशासाठी, हे ज्या घरात मुलांना शिकवले जाते, त्या घरातले पुरुष त्या कमानीतून कसे आत जाणार? दादांनी एका वाक्यात निकाल दिला, "जिथं माझी पोरगी जाऊ शकत नाही, तिथं मला काय पाहायचं आहे?"

त्या कमानीपर्यंत मात्र आम्ही सर्व जण गेलो. मुलींनी पाटी वाचली. मग शेजारच्या इनामुरागाताके शिखरावर चढलो. त्याची उंची १,७२६ मीटर, म्हणजे सांजोगाताकेपेक्षा सात मीटर जास्त. स्त्रियांना तिथे जाता येते, म्हणून त्याला बायकांचे ओमिने म्हणतात. वाट लांब आणि वरच्या भागात अवघड, लोखंडी शिड्या आणि साखळ्या. आमची मुलगी आणि वहिनींची मुलगी सर्वांच्या पुढे होत्या. माथ्यावर पोहोचल्यावर दोघींनी सांजोगाताकेच्या दिशेने तोंड करून आरोळी ठोकली. ती काय होती ते छापण्यासारखे नाही.

आता कोयासान. याच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे.

ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा प्रांतात सुमारे ८०० मीटर उंचीवर, आठ शिखरांच्या मधोमध हे मंदिरांचे गाव वसले आहे. कुकाई, म्हणजेच कोबो दाइशी, या भिक्खूने सन ८१६ मध्ये त्याची सुरुवात केली. आज तिथे ११७ मंदिरे आहेत आणि १८८६ साली सुरू झालेले एक विद्यापीठ आहे. या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ही बातमी आम्ही जपानला जाण्याआधीच वाचली होती. पण आई येईल तेव्हाच जायचे असे ठरवून ठेवले होते. आई २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आली, वय सत्तर. १९५६ साली ती सात वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेली होती. तिला आठवते ती धूळ, पांढरी लुगडी आणि माणसांचा न संपणारा आवाज.

कोयासानला रेल्वेने जाता येते. शिवाय पायथ्याच्या कुदोयामा गावातून जुनी पायवाट आहे. तिला चोइशि-मिची म्हणतात. चो हे अंतराचे जुने माप, साधारण १०९ मीटरचे. दर चोला एक असे १८० दगडी स्तंभ मुख्य मंदिरांच्या आवारापर्यंत उभे आहेत. पूर्वी ते लाकडी होते, तेराव्या शतकात दगडी झाले. स्तंभाचा माथा पाच आकारांचा असतो, पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि आकाश यांची खूण म्हणून. त्यावर एक अक्षर कोरलेले असते. ते जपानी नाही, चिनीही नाही. ते सिद्धम लिपीतले, आपल्याकडून गेलेले अक्षर आहे. कुकाई चीनमध्ये शिकत असताना प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्खूकडून संस्कृत शिकले होते. आईने पहिल्या स्तंभावरच्या अक्षरावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "हे आपल्या 'अ'चं भावंडं दिसतं."

वाट सुरू होते जिसोन-इन मंदिरापासून. कोयासानवर स्त्रियांना बंदी होती. कुकाईंची आई मुलाला भेटायला आली तेव्हा तिलाही वर जाता आले नाही. ती या पायथ्याशी राहिली आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला येई, अशी कथा आहे. कुदोयामा या नावातच नऊ वेळा असा अर्थ आहे. सरकारने ही बंदी १८७२ साली हुकमाने उठवली, डोंगरावरून ती प्रत्यक्ष जायला मात्र आणखी काही दशके लागली. गुरुजींनी ही कथा मोठ्या भक्तिभावाने सांगितली. आईने ती पूर्ण ऐकली आणि विचारले, "नऊ वेळा खाली यायला वेळ होता, तर एकदा नियम मोडायला काय झालं होतं?" गुरुजींना भाषांतर करून सांगितले. ते आधी चमकले, मग इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

आईने पहिले सात स्तंभ आमच्याबरोबर चढले. दोन्ही बाजूंना काकी फळांच्या बागा, झाडांना पाने कमी आणि नारिंगी फळेच जास्त. मागे कि नदीचे खोरे दिसत होते. आठव्यापाशी तिचा गुडघा बोलू लागला. तेव्हा आमच्यापैकी एक जण आई आणि मुलाला घेऊन स्टेशनकडे परतला आणि रेल्वेने वर गेला. शेवटचा टप्पा केबल कारचा आहे, पाच मिनिटांत ती सुमारे ३३० मीटर उंच नेते.

बाकीचे चालत राहिलो. देवदार आणि सुरूची दाट झाडी, दुपारीही सावली. आकडे उलटे उतरत जातात, त्यामुळे मुलांना मोजायचा कंटाळा येत नाही. साठच्या आसपास यातातेचा चहाचा थांबा लागतो. तिथून पुढची चढण दमवणारी आहे, आणि तोपर्यंत बाटलीतले पाणी नेमके संपलेले असते. सात तासांनी आम्ही दाइमोन या महाद्वाराशी पोहोचलो. २५ मीटर उंचीचे लाल लाकडी द्वार, १७०५ साली पुन्हा बांधलेले. त्याच्या पायरीवर आई आणि मुलगा चणे खात बसले होते.

रात्री मंदिरातच मुक्काम केला. जेवणात कांदा नाही, लसूण नाही, मासा नाही. ठेच्याची बाटली वहिनींनी पिशवीतून काढली नाही, हा त्यांचा संयम. गोठवून वाळवलेला कोयाचा तोफू मात्र सर्वांना आवडला. पहाटेच्या पूजेला बसलो. मंत्र, अग्नी, अनेक देवता. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचून वाढलेल्या माणसाला यातले बरेचसे परके वाटते, आणि तसे वाटले हे इथे लिहायला हरकत नाही. ओकुनोइन येथे दोन लाखांहून अधिक स्मारके असलेल्या दफनभूमीच्या टोकाशी कुकाई अजूनही समाधीत बसले आहेत अशी श्रद्धा आहे आणि त्यांना रोज दोन वेळा जेवण नेले जाते. आई म्हणाली, "गेलेला माणूस गेला. पण बाराशे वर्षं ताट चुकवलं नाही, हे खरं." दोन हजार वर्षांच्या म्हातारपणासारखी दिसणारी ती झाडी मात्र आम्हा सर्वांना गप्प करून गेली.

मग विद्यापीठात गेलो. वाटेत आईने फुले घेतली, शेवंतीची, पिवळी. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर आम्ही सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. गुरुजी हात जोडून बाजूला उभे होते. पाली त्यांना येत नाही, पण 'बुद्धं सरणं' हे शब्द त्यांना ओळखू आले. आईने पदर डोक्यावरून घेतला नव्हता, तो तिने १९५६ नंतर कधी घेतलाच नाही. सायकलवरून जाणारा एक विद्यार्थी थांबला, त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुढे गेला.

परतताना स्टेशनच्या बसने न्योनिन-दोपाशी उतरलो. बंदीच्या काळात डोंगराच्या सात प्रवेशवाटांवर बायकांनी थांबण्यासाठी अशी घरे होती, त्यातले हे एकच उरले आहे. आत जाता न येणाऱ्या बायका इथे मुक्काम करीत आणि कड्यांवरच्या वाटेने डोंगराला वेढा घालून वरूनच मंदिरे पाहत. ती वाटही अजून आहे. न्योनिन-मिची, बायकांची वाट. आमची मुलगी नकाशा काढून विचारू लागली की ती किती किलोमीटर आहे आणि पुढच्या सुटीत जमेल का. आई बाकावर बसून बूट सैल करीत होती. तिने सांगितले, "आधी माझ्या गुडघ्याला तेल लावा, मग ठरवा."