सामाईक किती, स्वतंत्र किती?

एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे नांदू लागली म्हणजे त्यांचे यजमान यंत्राशी दळणवळण चालावे याची तजवीज करणे हे आम्हां लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्यांचे कर्तव्य होय. आणि या कामात पुनःपुन्हा उपस्थित होणारा प्रश्न असा, की नेटवर्कच्या ड्रायव्हरने आणि सॉकेटच्या ड्रायव्हरने आपला कोड किती वाटून घ्यावा.

आभासी उपकरणांना एकच सामाईक पद्धत असावी हा रस्टी रसेल यांचा विचार व्हर्टआयओ या नावाने २००८ च्या जानेवारीत लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत रूढ झाला. नेटवर्क हे या पद्धतीतले उपकरण क्रमांक १. आयपी पत्त्याचा कसलाही खटाटोप न करता यजमानाशी बोलण्याची मुभा देणारे, आणि यजमानाला कायम २ हाच क्रमांक देणारे व्ही-सॉक हे सॉकेटचे उपकरण क्रमांक १९. ते २०१६ साली ४.८ या आवृत्तीत आले. दोघांची रीत वरवर एकच: रिकामे बफर रांगेत मांडावेत, समोरच्याने भरावेत, आपण उचलावेत.

मोठे पाकीट अनेक बफरांत पसरून शीर्षात केवळ त्यांची संख्या नोंदवण्याची सोय नेटवर्कच्या ड्रायव्हरला पूर्वीपासून होती. व्ही-सॉक मात्र मोठा मजकूर चार-चार किलोबाइटांत तोडून प्रत्येक तुकड्याला ४४ बाइटांचे शीर्ष नव्याने जोडत असे. २०१८ च्या अखेरीस तीच सोय व्ही-सॉकला देण्याचा मसुदा पुढे आला, तेव्हा लिहिलेलेच पुन्हा का लिहावे, ही पृच्छा ओघानेच आली.

मी राहतो त्या एन्नोरच्या कामराजर बंदरात लाटा अडवणारे बंधारे आणि जहाजांचा प्रवेशमार्ग सर्वांना सामाईक आहेत; तथापि औष्णिक वीजकेंद्राकडे कोळसा नेणाऱ्या पट्ट्यावर द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवावा, असे कोणी सुचवीत नाही.

या दोन ड्रायव्हरांतही भेद आहे तो पाकीट पोहोचवण्याच्या कराराचा. नेटवर्कच्या ड्रायव्हरने गर्दीत पाकीट टाकून दिले तरी बिघडत नाही, कारण वरचा टीसीपी ते पुन्हा पाठवतो. व्ही-सॉकच्या वर असा कोणी जामीन नाही. म्हणून घेणारा आपली एकंदर साठवणक्षमता आणि आजवर उचललेल्या बाइटांचा हिशेब प्रत्येक पाकिटासोबत कळवतो, आणि शिल्लक जागा पाहूनच देणारा पुढील रवानगी करतो. हे जमाखर्चाचे दप्तर नेटवर्कच्या ड्रायव्हरला निरुपयोगी, आणि त्याची चेकसमची व्यवस्था व्ही-सॉकला. दोन्ही एकाच फाइलीत कोंबल्यास पदोपदी ‘हे उपकरण कोणते’ असे विचारावे लागेल.

२०२३ साली ६.३ या आवृत्तीत व्ही-सॉकने पाकिटाची स्वतःची रचना सोडून संपूर्ण नेटवर्क विभागात चालणारी एसके-बफ ही रचना स्वीकारली, आणि जमाखर्च मात्र स्वतःकडे ठेवला. ही वाटणी मला उचित वाटते. दुसऱ्याचा मसुदा तपासताना मी हीच कसोटी लावतो: एकच दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागत असेल तो कोड सामाईक करावा, आणि एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे अपाय करील असा संभव असेल, तो दिसायला कितीही सारखा असो, वेगळाच राहू द्यावा.