सगळेच तपकिरी

भोवत्या या शिकारी पक्ष्याचा नर कुणालाही ओळखता येतो. माँटेग्यूच्या भोवत्याच्या करड्या पंखावर काळा पट्टा, पांढुरक्या भोवत्याच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर. हे सगळं मी गाडीत घोकून काढलं होतं. भावनगर जिल्ह्यातल्या वेळावदर उद्यानाच्या गवतात संध्याकाळी उभी राहिले, तर समोरून येणारे बहुतेक तपकिरी. माद्या तपकिरी, पहिल्या वर्षाची पिल्लं तपकिरी, शेपटीच्या मुळाशी सगळ्यांना तोच पांढरा पट्टा. दलदली भोवत्याची मादी तेवढी जाड अंगाची, फिकट डोक्याची. तिनं माझी थोडी लाज राखली.

"जात कळेना तर 'नुसता भोवत्या' लिही आणि पुढचा बघ," आमच्या मोजणी गटाच्या ताई म्हणाल्या. "अडलीस की चार निसटतात."

कझाकस्तानकडच्या माळांवरून हे पक्षी हिवाळ्यात इकडे उतरतात. दिवसभर एकेकटे शिकार करतात, रात्री मात्र थव्यानं उंच गवतात जमिनीवरच निजतात. म्हणून दिवस कलला की गवताभोवती माणसं उभी करायची, प्रत्येकाला एक दिशा, आणि ठरावीक वेळानं आकडा मांडायचा. ऐकायला सोपं. पण उतरलेला पक्षी शेजाऱ्याशी भांडून पुन्हा उठतो, घिरट्या घालतो. मग तो नवा की जुना? त्यासाठी उठलेल्यांचा वेगळा रकाना. दोन्ही रकाने भरताना दुर्बिणीला हात उरेना.

वेळावदरचा रातथारा जगातल्या मोठ्या रातथाऱ्यांत गणला जातो. भारतात भोवत्यांची संख्या घटत असल्याचं अभ्यासक सांगतात, आणि घट दिसते ती त्याच जागी वर्षानुवर्षं मोजल्यावरच. उद्यान जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं. पक्षी पोट भरतात ते बाहेरही, कापसाच्या शेतांवर, उघड्या माळांवर. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक, त्यावर काहीही उभारायला मोकळीक! सोलापूरकडच्या आमच्या माळांचीही तीच गत, म्हणून माझा जरा जास्तच जळफळाट होतो.

सकाळी पक्षी उडून गेल्यावर गवतातून गोळ्या वेचल्या. न पचलेलं सगळं हे पक्षी गोळी करून ओकून टाकतात. वाटली होती तेवढी घाण नव्हती. भिजवून चिमट्यानं उकलल्या तर आत नाकतोड्यांचे पाय आणि जबडे, मधूनच पिसं, उंदराचे केस. सोबतचा वाटाड्या म्हणाला, "आमच्या पिकावरचे नाकतोडे हेच खातात, आणि आम्ही त्यावर औषध मारतो."

पाय तुटून विखुरतात, म्हणून जबडे मोजायचे. डावे वेगळे, उजवे वेगळे. जे जास्त भरतील, निदान तेवढे नाकतोडे पोटात गेले. डावा कुठला, हे मी शेजारच्याला हळूच विचारलं. तो दरवर्षी येणारा. म्हणाला, "ताईंना विचार."